पांढरी केलेली टँकर-शीट

टिक होती, पण रेषा नव्हत्या.

सोमवारी सकाळी मुकुंदवाडीच्या ऑफिसात मी टँकरची शीट उघडली आणि क्षणभर वाटलं, दुसरीच फाइल उघडली. एक्सेलच्या शीटवर फिकट राखाडी रेषांची जाळी दिसते, तिला ग्रिडलाइन्स म्हणतात. नको असेल तर व्ह्यू मेन्यूत जायचं आणि ग्रिडलाइन्सपुढची टिक काढायची. एका क्लिकचं काम. पुन्हा टिक केली की जाळी परत. माझ्या शीटवर टिक तशीच होती आणि जाळी गायब होती.

मग लक्षात आलं. कोणीतरी अख्खी शीट सिलेक्ट करून तिला पांढरा रंग फासला होता. सेलला, म्हणजे शीटवरच्या चौकोनाला, रंग दिला की त्याखाली ग्रिडलाइन झाकली जाते, रंग पांढरा असला तरी. वर माझे रंगही गेले होते. ज्या वस्त्यांना टँकरशिवाय दुसरं पाणीच नाही, त्यांच्या ओळी मी पिवळ्या केल्या होत्या. त्याही आता धुतल्यासारख्या पांढऱ्या.

"कशी झालीय?" मागून कुलथे साहेब म्हणाले. आमचे मॅनेजर. "काल रविवार घातला मी त्यात."

"सर, तुम्ही रेषा काढून टाकल्या?"

"मग! ती जाळी बघून शाळेतली गणिताची वही आठवायची. आज डायरेक्टर येतायत. प्रोफेशनल दिसायला नको?"

दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. आमची कंपनी वैजापूर भागात टँकर चालवायची. कुठल्या गावाला किती खेपा, कुठं चालू, कुठं बंद, हे सगळं त्या एका शीटवर असायचं. ती मी करायचे. पण साहेबांचं मन गावांत नव्हतंच. शहराच्या कडेला नव्या इमारती उठत होत्या, लोक राहायला यायच्या आधी बोअर आटत होते. त्या सोसायट्यांचं काम मिळवायचं होतं. त्यासाठी डायरेक्टरांपुढं चकचकीत दिसायचं होतं. आणि चकचकीत म्हणजे पांढरं, एवढीच साहेबांची समज.

मी म्हटलं, "सर, रेषा नको असतील तर नुसती टिक काढायची असते. आणि काढल्या तर निदान बॉर्डर द्यावी लागते. ग्रिडलाइन फक्त स्क्रीनवरची सोय आहे, बॉर्डर आपण आखलेली रेषा असते. मोठ्या शीटवर दोन्ही नसल्या तर ओळ सुटते."

"तुम्हाला डिझाइनमधलं कळत नाही, मॅडम," ते हसून म्हणाले. "व्हाइट स्पेस म्हणतात याला."

हा शब्द त्यांनी कुठल्या तरी व्हिडिओत ऐकला असावा. पुढं आठवडाभर ते तो चहासारखा वापरत होते.

अकराला मीटिंग झाली. डायरेक्टर मधोमध, साहेब प्रोजेक्टरच्या पडद्याजवळ, वैजापूर डेपोचे सुपरवायझर रशीदभाई वही घेऊन दाराशी. मी कोपऱ्यात बसले आणि रागानं पडद्याकडे पाहिलंच नाही. मोबाइलमध्ये डोकं घातलं. म्हटलं, वाचा आता तुमची तुम्हीच.

शीटच्या डाव्या टोकाला गावाचं नाव. मग लोकसंख्या, जनावरं, अंतर, खेपा, असे आठ-नऊ कॉलम. अगदी उजव्या टोकाला शेरा: चालू किंवा बंद. मधल्या त्या मोकळ्या पांढऱ्या मैदानातून साहेबांचं बोट नावापासून शेऱ्यापर्यंत चालत होतं.

"बिरोबाची वस्ती, बंद," साहेब वाचत गेले. "त्याखालचं गाव, चालू."

रशीदभाई थबकले. "साब, वस्तीवालों के कुएँ में तो कुछ नहीं है। बंद कैसे?"

"रशीदभाई, पडद्यावर आहे ना समोर? लिहा."

"हौ साब," म्हणून त्यांनी लिहिलं.

मी ते ऐकलं. वस्ती बंद नव्हती, तिच्या खालच्या ओळीतल्या गावाला नळाचं पाणी आलं म्हणून ते गाव मी स्वतः बंद केलं होतं. एकदा मान वर करून तेवढं सांगितलं असतं तर पुरे होतं. पण डायरेक्टर "व्हेरी क्लीन, कुलथे" म्हणाले, साहेब फुलले, आणि मला इतका संताप आला की तोंडच उघडलं नाही.

गुरुवारी दुपारी ऑफिसात एक म्हातारा आला. डोक्याला फेटा, हातात काठी, खांद्यावर घोंगडं. वैजापूरहून एसटीनं आला होता. नाव म्हाळू, बिरोबाच्या वस्तीचा.

"टँकरचं बघता त्या बाई तुम्हीच का?"

"व्हय मामा. बसा."

"बसाया येळ नाय. तीन दिस झालं टँकर नाय. अन् पल्याडच्या गावात नळाला पानी असताना तुमचा टँकर उभा हाय. तिथली लोकं त्यानं गाड्या धुत्यात. आमी काय गुन्हा केला?"

"मामा, तीन दिवस काय केलंत?"

"बायांनी कोसभरावरनं हंडे आणलं. मान्सांपुरतं भागलं. मेंढरांना कुठनं? खाणीतल्या डबक्यावर नेली, ते हिरवं पानी प्याली. चार मेंढ्या गेल्या. दोन गाभण व्हत्या. सून चक्कर येऊन पडली रस्त्यात. हंडा फुटला, ती वाचली."

मी शीट उघडली. बिरोबाची वस्ती: चालू. खालचं गाव: बंद. सगळं बरोबर होतं. फक्त एका ओळीनं चुकीचं वाचलं गेलं होतं.

मी रशीदभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "मेरे कू उसी दिन शक था मॅडम। साब ने बोला लिखो, मैंने लिख दिया।" तासाभरात टँकर वस्तीकडे वळला. मामा तेवढा वेळ तिथंच उभे राहिले. टँकर पोचल्याचा फोन आला तेव्हाच गेले. चहा घेतला नाही.

मग मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि दोन ओळी दाखवल्या. त्यांनी स्क्रीन जवळ ओढली, लांब केली, चष्मा पुसला.

"ही डेपोची चूक दिसते," ते म्हणाले.

"रशीदभाईंनी विचारलं होतं सर. सगळ्यांसमोर."

"मग अहवालात सॉफ्टवेअरमधली तांत्रिक अडचण लिहा."

"सॉफ्टवेअरनं काही केलेलं नाही. रेषा तुम्ही पुसल्या, ओळ तुम्ही चुकलात. आणि मी समोर बसून गप्प राहिले. एवढंच लिहीन."

तसाच अहवाल मी डायरेक्टरांना पाठवला. डायरेक्टरांकडून उत्तर आलं नाही. कंपनीला सोसायट्यांचं काम मिळालं, कुलथे साहेबांना बढती मिळाली आणि म्हाळूमामांना मेंढ्यांबद्दल काहीच मिळालं नाही. मी दोनदा त्यांचा भरपाईचा अर्ज पुढं पाठवला, दोन्ही वेळा 'धोरणात बसत नाही' असं आलं.

शीटवरचा पांढरा रंग मात्र मी त्या गुरुवारीच काढला. प्रत्येक ओळीला ठळक बॉर्डर दिली, एकाआड एक ओळ निळसर केली आणि शेरा उचलून गावाच्या नावाशेजारी आणला. साहेब म्हणाले, "जरा गजबजलेलं दिसतंय." मी म्हटलं, "हो, दिसतंय."

आता मी निवृत्त झालेय. ऑफिसातली नवीन मुलं माझ्याकडे शीट सजवायला शिकायला येतात तेव्हा मी त्यांना ग्रिडलाइन्स लपवायला बिनधास्त शिकवते. त्यात वाईट काही नाही. फक्त बजावते, की रेषा लपवण्याआधी ती शीट लांबून, घाईत, दुसऱ्या कोणाला वाचायला द्या. आणि वाचणारा चुकला तर तो कितीही मोठा असो, तिथंच टोका. मी टोकलं नव्हतं.