मनिषानं धरलेला लाईट

बोरीत लग्नाची कॅसेट म्हणजे अंगद, हे एकेकाळी ठरलेलंच. कॅमेरा अंगदकडं आन् तो झगझगीत लाईट त्याच्या बायकोकडं, मनिषाकडं. गावानं काय कमी थट्टा केली! "नवरा शूटिंग करायलाय, बायको दिवटी धरायलीय!" म्हणणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? मंगलाष्टकं लांबली की तिचा हात भरून यायचा, उजेड खाली झुकायचा आन् अंगद खेकसायचा, "मने, लाईट वर धर!"

लेक अर्पिता वर्षाची असताना मनिषा तापानं गेली. आता अर्पिताचं लग्न तोंडावर आलं आन् पोरीनं एकच मागितलं, "बाबा, आई हलता-चालताना कशी दिसायची, एकदा दाखवा."

अंगदनं गावभरच्या कॅसेटी पालथ्या घातल्या. साऱ्या गावच्या बायका त्यात, त्याचीच तेवढी नव्हती. असणार कशी? ती कायम लाईटच्या मागं. उरला एक फोटो. अर्पितानं तो फोनवरच्या ॲपमधून हलता केला. मनिषा हसली, पण दात भलत्याच बाईचे! अंगदनं तोंड फिरवलं. "बंद कर ते आधी!"

मग त्यानं माळ्यावरचे दोन जुने कॉम्प्युटर उतरवले. कॅसेटीत नवरा-नवरीची नावं गरगर फिरवायला त्यानं तेव्हा दोन प्रोग्राम शिकून घेतले होते. त्यातला थ्रीडी स्टुडिओ म्हणजे काटेकोर सासू. समोरून, वरून, बाजूनं सगळं मापात बसवा, मग जेवून या, तवर एखादं चित्र निघणार. दुसरा ट्रूस्पेस, तो लाघवी, वस्तू माऊसनं धरावी आन् कणकेच्या गोळ्यागत फिरवावी. मनिषा त्यानं दोन्हींत घडवून बघितली. पहिल्यात लाकडी बाहुली झाली, दुसऱ्यात चकचकीत प्लास्टिकची. दोघी टक लावून बघायला लागल्या, तसा तो घाबरला आन् दोन्ही पुसून टाकल्या.

पण एक गोष्ट दोन्हीकडं सारखी होती. चित्रात लाईट कुठंही ठेवा, लाईट स्वतः दिसत नाही, नुसता त्याचा उजेड पडतो. अंगद थबकला. मनिषा तरी कॅसेटीत दुसरी कशी होती?

सावली थ्रीडी स्टुडिओत नीट पडायची, म्हणून त्यानं तिथं रिकामा मांडव उभा केला. दोन पाट मांडले. मनिषाच्या खांद्याच्या उंचीवर लाईट ठेवला, आन् तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागचा हलवला मात्र नाही.

एकामागोमाग पळवायची चित्रं तयार झाली तशी दुपारी त्यानं अर्पिताला बोलावलं. पडद्यावर मांडव उजळला. थोडा वेळ उजेड स्थिर होता. मग तो हळूहळू झुकला, पाटांच्या सावल्या लांबायला लागल्या. अंगदनं तर कशाला हातही लावला नव्हता.

"बाबा, आईचा हात दुखायलाय का?" अर्पितानं विचारलं. हात दुखायचा हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

अंगदच्या ओठांवर जुनंच वाक्य आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, "मने, ऱ्हाऊ दे गं. लय येळ धरलास. ठेव आता खाली."

उजेड सावकाश खाली आला आन् मांडवात अंधार झाला.

अर्पिता बापाचा हात गच्च धरून रडायला लागली. "आताच तर आली होती, बाबा. कशाला ठेवायला लावलं?"