पावणेसहाचे काका

"आता मला सोडा."

घड्याळात पावणेसहा झाले की आमच्या कचेरीत हे तीन शब्द ऐकू यायचेच. काका टेबलावरचा नकाशा गुंडाळायचे, त्याला दोरी बांधायचे, पेनाला टोपण लावायचे आणि उभं राहून म्हणायचे, "आता मला सोडा." समोर कुणीही असो. एकदा पुण्याहून मोठे साहेब पाहणीला आले होते. त्यांनाही काकांनी अतिशय नम्रपणे हेच सांगितलं आणि ते निघाले. साहेब बराच वेळ दाराकडे बघत राहिले.

भोरमधल्या जमिनीच्या नकाशांच्या त्या कचेरीत मी नवीन लागले तेव्हा काका तिथले सगळ्यात जुने होते. त्यांचं टेबल माझ्या शेजारी. मी पालीजवळच्या शेतकरी घरातली, लग्नानंतर भोरमध्ये राहायला आलेली. माझ्या नवऱ्याची गाडी आहे. राजगड चढायला येणाऱ्या पुण्याच्या लोकांची तो ने-आण करतो. कचेरीतल्या कामातलं मला काहीच कळत नव्हतं, ते सगळं काकांनी शिकवलं. पण पावणेसहापर्यंतच.

सुरुवातीला मला वाटायचं, माणूस घड्याळाचा गुलाम आहे. तुम्हीही असे लोक पाहिले असतील. चहाला थांबत नाहीत, कुणाच्या बारशाला येत नाहीत, निरोपसमारंभात हार घालायच्या आधी निघून जातात. आपण पाठीमागे हसतो. मीही हसले. मग शिपायानं कारण सांगितलं आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

काकांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दिवसभर सांभाळायला एक बाई यायची, ती सहाला जायची. घरात दुसरं माणूस म्हणजे काकांची आई, वय पंच्याऐंशीच्या पुढे. तेव्हा सहाला काकांनी दारात असायलाच हवं. कचेरी ते घर पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत काका कुणाशी बोलायचे नाहीत, रस्त्यात थांबायचे नाहीत. एवढंच त्यांचं जग उरलं होतं.

काकूंपाशी तीनच शब्द राहिले होते. "अहो", "नको" आणि "असू दे".

एकदा काका तापानं घरी होते आणि एका कागदावर त्यांची सही हवी होती म्हणून मी दुपारी त्यांच्याकडे गेले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दारातच काकूंची चाकाची खुर्ची. मी वाकून विचारपूस करत होते, तेवढ्यात काकूंनी डाव्या हातानं माझी पिशवी पकडली. सोडेचनात. मी हसून सोडवून घेतली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी काका कामावर आले, पण नकाशा उघडायच्या आधी माझ्याकडे वळले.

"काल तुमच्या पिशवीत काय होतं?"

"डबा होता, काका."

"डब्यात?"

मी ओशाळले. "सुकट होती. चुकलंच माझं, तुमच्या घरात आणायला नको होती."

"तसं नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "तुम्ही गेल्यापासून ती एकच शब्द बोलते आहे. रात्री झोपेपर्यंत तेच, सकाळी उठल्यावर तेच."

"कुठला शब्द?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कुणाचं गुपित सांगावं तसं सांगितलं, "कोलंबी."

काकू मूळच्या महाडच्या खालच्या, खाडीकाठच्या गावातल्या. भोरला शाळेत शिकवायला आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न दोघांच्या मनानं झालं. काकांच्या घरात मासे शिजत नसत. लग्नाच्या दिवसापासून काकूंनी ते सोडले. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. "असू दे," एवढंच तेव्हा त्या म्हणाल्या होत्या म्हणे.

"एकतीस वर्षं झाली," काका म्हणाले. "मला वाटायचं, विसरली असेल."

मी म्हटलं, मी डबा करून आणते. काकांनी मान हलवली. घरात आई, देव. बाहेर न्यावं तर भोरमधल्या प्रत्येक खानावळीत ओळखीचे लोक, शिवाय दोन-तीन पायऱ्या चढल्याशिवाय कुठंच आत जाता येत नाही. खुर्ची उचलायला चार माणसं बोलवायची म्हणजे गावभर झालंच. "मी असा अडकलोय," एवढं बोलून ते नकाशावर वाकले. दिवसभर त्यांनी एकही रेघ तपासली नाही, मी बघत होते.

संध्याकाळी मी नवऱ्याला हे सांगितलं. तो जेवताजेवता म्हणाला, "अगं, मग धरणावरच्या हाटेलात न्यायचं की त्यास्नी. भाटघरच्या पाण्याकडंला नवीन झालंय न्हाई का? स्पॅनिश का काय म्हनत्यात. समदं मासळीचंच आसतं. पायऱ्या न्हाईत, उतार हाय. आन् भोरातलं कुणी चिटपाखरू जात न्हाई तितं. समदी पुण्याची."

अशा रीतीनं आमच्या कचेरीतले सर्वांत शाकाहारी गृहस्थ स्पॅनिश जेवणाला गेले. गणपती नुकतेच गेले होते. काकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, मीही टाकली, आणि नवऱ्यानं गाडी काढली. आईला सांगितलं, डॉक्टरकडे नेतो. छप्पन्नाव्या वर्षी आईशी बोललेलं ते त्यांचं पहिलं खोटं असावं, कारण गाडीत बसल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, "परत येताना खरंच डॉक्टरकडे जाऊन यायचं का?"

हॉटेल पाण्याला लागून होतं. भिंती पांढऱ्या, टेबलांवर निळ्या फरशा, आणि आठवड्याच्या मधला दिवस असल्यानं माणूस नाही. वाढायला एक पन्नाशीचे गृहस्थ होते. काळा शर्ट, कमरेला लांब एप्रन. मेन्यूतलं एकही नाव आम्हाला वाचता येईना तेव्हा ते हसले.

"आमालाबी सा महिनं लागलं," ते म्हणाले. "आमी हितलंच, गुंजवण्याकडचं. सोपं सांगू का? ल्हान ल्हान बशा येत्यात. थोडं थोडं चाखायचं, गप्पा मारायच्या, मंग पुढची बशी. त्यांच्याकडं अशीच रीत हाय."

काकांना एकदम हायसं वाटलं. "हिला थोडंथोडंच चालतं," ते म्हणाले. "आणि मऊ हवं. घास अडकता कामा नये."

वाढणाऱ्या गृहस्थांनी आत जाऊन आचाऱ्याला सांगितलं. पहिली बशी आली ती मातीची, तेल अजून चुरचुरत होतं. ऑलिव्हच्या तेलात लसूण, लाल मिरची आणि कोलंबी. काकूंसाठी वेगळी वाटी, अगदी बारीक चिरलेली, तेलात भिजलेल्या पावासकट कुस्करलेली. काकांसाठी टोमॅटो चोळलेला भाजका पाव.

काकांनी चमचा घेतला. मासा त्यांनी आयुष्यात हाताळला नव्हता, आणि आता तो भरवायचा होता. काकूंनी पहिला घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. काका, नवरा आणि मी श्वास रोखून बसलो, घशाकडे बघत. घास उतरला. काकूंनी डोळे उघडले आणि तोंड पुन्हा उघडलं, पाखराचं पिल्लू उघडतं तसं.

"हळू, हळू," काका म्हणत होते, पण घाई त्यांनाच झाली होती.

मग केशरी भात आला, पसरट कढईत, वर तिसऱ्यांचे शिंपले उघडे पडलेले. काकूंनी डावा हात पुढे केला आणि एक शिंपला उचलला. तो चाचपला. नाकाशी नेला. नंतर त्या काचेबाहेर बघायला लागल्या, पाण्याच्या पलीकडच्या डोंगरांकडे, आणि स्पष्ट म्हणाल्या, "घरी."

काका लगेच उठले. "दमली ती. चला, निघू या."

"घरी," काकू पुन्हा म्हणाल्या, आणि काका खुर्ची मागं ओढायला लागताच त्यांनी हातातला शिंपला टेबलावर आपटला. "घरी! नको! घरी!"

काका घाबरले. "अगं हो, घरीच चाललोय. घरीच नेतोय तुला." ते जितकं समजावत होते तितक्या काकू चिडत होत्या. डोळ्यांतून पाणी, अर्ध्या तोंडातून लाळ, आणि डाव्या हातानं टेबलाची कड घट्ट धरलेली. त्या क्षणी मला कळलं, ही बाई कितीतरी दिवस बंद दारावर आतून थापा मारत होती आणि आम्हाला ऐकू येत नव्हतं.

वाढणारे गृहस्थ पुढे आले. "सायेब, जरा थांबा," ते म्हणाले. "त्यास्नी तुमचं घर म्हनायचं न्हाई. आमच्या आयचंबी आसंच व्हतं. आमचं गाव धरणात गेलं. नव्या घरात आणलं तर ती घरी, घरी करायची, आन् आमी म्हनायचो, आगं, घरीच हाईस की." टेबलावरचा शिंपला उचलून ते काकूंच्या खुर्चीपाशी खाली बसले. "बाय, म्हायेरी जायचंय का? घाटाखाली?"

काकूंनी टेबलाची कड सोडली. मान हलवली. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा.

काका खाली बसले. समोरचा भात गार झाला. शेवटी ते म्हणाले, "वरंधा घाट बंद आहे. दरड आलीये." जणू अडचण तेवढीच होती. मग स्वतःशीच म्हणाले, "झटका आल्यापासून सात वर्षं मी कुणाला कुठंच नेलं नाही. हिलाही नाही आणि मलाही नाही."

त्या संध्याकाळी काकांनी आईला खरं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला ते ऐकवलं. आई माळ ओढत बसल्या होत्या. ऐकून त्यांनी आधी विचारलं, "पोटभर खाल्लं का तिनं?" आणि मग म्हणाल्या, "मला विचारलं असतंत तर मागच्या अंगणात वेगळी चूल मांडून दिली असती रे. एकतीस वर्षांत मला कुणी विचारलंच नाही."

"मी आईला घाबरत होतो," काका म्हणाले. "ही मला दुखवायला घाबरत होती. आणि आईला यातलं काही माहीतच नव्हतं." ते हसले, पण हसू धड झालं नाही.

दिवाळीत घाट सुरू झाला. माझ्या नवऱ्यानं दोघांना खाली नेलं. काकूंनी तिथं पंधरा दिवस राहायचं ठरलं होतं. पण काकूंच्या भावजयीनं खाडीकडच्या ओटीवर खाट मांडून ठेवली होती, आणि काकू त्या खाटेवर जी झोपल्या ती दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत उठल्याच नाहीत. कितीतरी वर्षांत अशी झोप नव्हती. भावजय म्हणाली, "र्‍हाऊं दे हितंच. आमी हाव ना." काकांना मागं फिरणं भाग होतं. आईजवळ दोन दिवसांपुरतीच शेजारीण ठेवली होती.

परतताना काका घाट चढेपर्यंत मागं वळून खाली बघत होते, असं नवरा सांगतो. मग एकदम म्हणाले, "निघताना ती मला 'या' म्हणाली." नवऱ्याला काही कळलं नाही. "नवीन शब्द आहे," काका म्हणाले. "याआधी बोलली नव्हती."

त्यानंतर दोन वर्षं काकांची अशीच गेली. आठवडाभर आई, शनिवारी सकाळची महाडची एसटी, रविवारी मुक्कामाला परत. पावसाळ्यात घाट बंद झाला की पुण्यावरून लांबचा वळसा, म्हणजे जाण्यायेण्यातच सगळा वेळ. तरी जायचे. बायकोजवळ असले की आईची काळजी, आईजवळ असले की बायकोची. "माझे दोन तुकडे केलेत आणि मधे घाट ठेवलाय," असं एकदा म्हणाले. तक्रार अशी ती एकदाच.

पण सोमवारी कचेरीत आले की ते मला नवीन काहीतरी सांगायचे. "कोलंबीच्या पाठीत काळा दोरा असतो, तुम्हाला माहीत आहे? तो काढावा लागतो." मला लहानपणापासून माहीत होतं, पण मी नाही म्हणायचे. "माशाचे कल्ले लाल हवेत. तांबूस नाही, लाल." त्यांनी स्वतः कधी एक घास खाल्ला नाही. पण काटे असे काढायचे की भावजय आपल्या नातवंडांचं ताटही त्यांच्यापुढे सरकवायची.

काका निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता खाली जातील. गेले नाहीत. आईला कुठं ठेवणार? एसटी पकडायची आणि परत यायचं, तेच चालू राहिलं. मी एकदा घरी गेले तर आई म्हणाल्या, "त्याला सांग, मला आश्रमात ठेव म्हणावं. मी सांगितलं तर रडतो." मी सांगितलं नाही. माझ्याच्यानं ते झालं नसतं.

मग या दसऱ्यानंतर एका सकाळी काकांचा फोन आला, गाडी मोकळी आहे का म्हणून. आम्ही दोघं गेलो तर दारात चार बोचकी, गाद्या, आणि आई नेसून-सवरून पुढच्या सीटवर बसायला तयार. मांडीवर पत्र्याचा डबा. त्यात देव होते.

"मीच ठरवलं," आई मला म्हणाल्या. "सुनेच्या भावाला फोन लावायला सांगितला. म्हटलं, ओटीवर अजून एक खाट मावेल का? तो म्हणाला, दोन मावतील. देवांना कोनाडा देतो म्हणालाय. ते शिजवतील तेव्हा मी जरा खाडीकडे तोंड करून बसेन."

काका मागच्या सीटवर, गाद्यांच्या ढिगात अर्धे बुडालेले. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझ्या हातात घराची किल्ली दिली.

दर पंधरा दिवसांनी मी जाऊन त्या दोन खोल्यांच्या खिडक्या उघडते. थोडा झाडू मारते. देव्हारा होता तिथं भिंतीवर समईच्या धुराचा काळा पट्टा उरला आहे. शेजारीण दरवेळी विचारते, कधी येणार हो ती माणसं? मी म्हणते, ठाऊक नाही. वारा जरा फिरू देते, आणि खिडक्या लावून घेते.