उजवा गाल

काल धुळ्यात नातीच्या हळदीला मंडपवाल्याने मोठा दिवा लावला आणि तापलेल्या काचेवरची धूळ जळाल्याचा वास आला. तसाच वास पाचोऱ्याच्या एका फोटो स्टुडिओत होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

नवरा मारतो, हे सोनगीरला माझ्या वडिलांच्या कानावर गेलं होतं. त्यांची समजूत पटावी म्हणून नवऱ्याला जोडीचा फोटो पाठवायचा होता. मला हसू येईना, तेव्हा त्याने फोटोग्राफरसमोरच माझ्या उजव्या गालावर दोन ठेवून दिल्या. ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली.

म्हाताऱ्या फोटोग्राफरने ओला रुमाल दिला.

"सूज दिसायला नको, नाना," नवरा म्हणाला.

"नाही दिसणार, भाऊ. पत्ता द्या, फोटो मीच टपालात टाकतो."

नानांनी माझी हनुवटी वळवली आणि दिवा ओढून अगदी गालाच्या कडेला आणला. "पोरी, हलू नको," ते हळूच म्हणाले. अशा आडव्या उजेडात वळ उलट उठून दिसणार; यांनाही माझी लाज चव्हाट्यावर मांडायची आहे, असं वाटून मला त्यांचा भयंकर राग आला.

आठवड्याने वडील दारात उभे राहिले. हातात तो काळापांढरा फोटो होता आणि त्यात गालावरची पाचही बोटं मोजता येत होती.

"चाल माय, आपलं घर शे," आपलं घर आहे, असं ते आमच्या अहिराणीत म्हणाले. नवरा आडवा आला. वडिलांनी त्याला ओट्यावरून खाली ढकललं.

नानांना मी पुन्हा कधी भेटले नाही. दिवा ओढताना त्यांचा हात थरथरत होता. तेव्हा मला वाटलं, म्हातारा घाबरला. आज वाटतं, तो संताप होता.