तिसरं शीड

माझ्या धाकट्या भावाला समजावणं म्हणजे भिंतीशी बोलणं. अमरावतीत क्लासमध्ये तो पोरांना फिजिक्स शिकवतो, आणि स्वतःवर वेळ आली की सगळं विसरतो.

कोकणातून त्याने एक जुनी कॅटामरान आणली. फायबरच्या दोन अरुंद, पोकळ होड्या शेजारी-शेजारी जोडलेल्या, मधे बसायला जाळी, एक डोलकाठी आणि दोन शिडं. सुट्टीच्या दिवशी तो ती मोर्शीकडच्या धरणावर चालवतो आणि दोर धरायला मी अकोल्याहून कुरकुरत येते.

हिवाळ्यात धरणावर वारा पडलेला असतो. म्हणून या पठ्ठ्याने मंडपवाल्याच्या शिंप्याकडून तिसरं शीड शिवून घेतलं. भलंमोठं, फुगणारं, दोन्ही होड्यांच्या टोकांना ताणून पुढे बांधायचं. बोट बनली होती दोन शिडांसाठी, तीही तिच्या तरुणपणी.

त्यातून, पाण्याने सडू नये म्हणून त्याने ती दोन उन्हाळे गच्चीवर ठेवली होती, काळ्या ताडपत्रीखाली. आपल्याकडच्या उन्हात! होडीच्या भिंतीला आत फोमचा थर, वर फायबर. भाजून दोघांची फारकत झालेली. काठावर मी माठ घेताना वाजवतात तशी बोटांनी ती वाजवून पाहिली. उजवी होडी खणखणीत होती. डावी पुढच्या बाजूला मेलेली.

"हे बद्द वाजून राह्यलं," मी म्हटलं. "आज ते शीड नको लावू."

"ताई, तू माठ घ्याले आली का?" तो हसला. "बसाचं नसन तर नको बसू. मी जातो."

मी बसले. तिसऱ्या शिडाचा दोर माझ्या हातात होता.

मधोमध पोचलो आणि वारा एकदम उठला. बोट सुसाट निघाली. भाऊ आनंदाने ओरडत होता. मी मात्र डाव्या होडीकडेच बघत होते. तिचं टोक पाण्यात दबत चाललं होतं आणि वरचं फायबर धाप लागल्यासारखं आत-बाहेर होत होतं. काठ लांब होता. लाइफ जॅकेटं अंगात होती, पण त्याला पोहणं जेमतेमच येतं.

कर्र आवाज झाला.

"मी शीड पाडते!" मी ओरडले.

"थांब न थोडं! सोडू नको दोर!"

मी सोडला. शीड फडफडत पाण्यात पडलं, बोट मंदावली आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. वाटोळं केलं, भित्री आहे, पुन्हा आणणार नाही. मलाही असा संताप आला होता की तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं. उरलेल्या दोन शिडांवर आम्ही हळूहळू काठाला लागलो.

बोट ओढायला गेलो तर डावी बाजू उचलेना. त्याने मागचं बूच काढलं. पाण्याची धार लागली, ती थांबेचना. पुढे वीतभर चीर गेली होती. त्याने तिच्यात बोटं घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुले मालूम होतं न हे?"

"होतं."

"मंग बसली काहून, ताई?"

"मंग काय, तुले एकट्याले जाऊ देऊ?"