राखणीची सही

माझा मुलगा परदेशातल्या एका बंदरात तेलाच्या जहाजावर अडकलाय. जहाज बंदीत आहे. ज्या देशाने शेजाऱ्यावर लढाई लादली, त्याचं तेल ते चोरून नेत होतं. कागदावर मालक कोणीही असो, पैसा तिथल्या मंत्र्यांचा, असं टीव्हीवर सांगतात. म्हणून दुसऱ्या देशांनी जहाज धरलं, मालकाची खाती गोठवली. मला त्यात चूक दिसत नाही. मी चौथी शिकले, पण चोराच्या घराला कुलूप लावावं हे कळायला तेवढं पुरतं.

कुलूप लागलं तेव्हा माझा मुलगा आत राहिला.

तो सारंग आहे, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आमचे हेही सारंग होते आणि सासरेही. कोकणातल्या आमच्या गावची रीत आहे, सारंग जहाजावरून सगळ्यांच्या शेवटी उतरतो. तिथल्या कोर्टाने सांगितलं, एकाने राखणदार म्हणून सही करावी, बाकीच्यांनी घरी जावं. मुलाने आमच्या कोपरीच्या घरी फोन केला. मी चपात्या लाटत होते, फोन ह्यांनी घेतला.

"कर सही," हे म्हणाले. "पोरांना आधी पाठव. दुसरा माणूस येईलच की."

दुसरा कोणी आला नाही. बंदीतल्या मालकाची नोकरी कोण धरणार? पगार बँकेतून पुढे सरकत नाही. सही केलेला माणूस बंदराबाहेर पडला तर पोलीस धरतात. जहाजावर वीज नाही. पाणी आणि पाव घेऊन एक बोट येते, तिच्यावर तो मोबाईल चार्ज करतो, तेव्हा आमच्याशी बोलतो. दात हलायला लागलेत म्हणाला.

हे अर्ध्या ताटावरून उठायला लागले. "तुम्ही उपाशी राहून त्याचं पोट भरतं का?" मी विचारलं.

मालकाचा एक एजंट वर्तकनगरात ऑफिस थाटून आहे. त्याने आम्हाला बोलावलं. चहा दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काकी, साडी जरा भारी झाली. घरातली नेसायची होती."

"कशाला?"

"व्हिडिओ काढायचाय. तुम्ही एवढंच बोलायचं, बंदीमुळे माझा मुलगा मरतोय, जहाज सोडा. आई रडली की तिकडचे लोक हलतात."

"माझ्याकडे रडायची वेगळी साडी नाही. जहाज सुटल्यावर ते काय करणार?"

"काय करणार म्हणजे? धंदा."

"तेच तेल?"

तो हसला. "काका, काकी तर वकील निघाल्या." ह्यांनी माझा पदर ओढला.

त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, "माझ्या मुलाला सोडा, जहाज सोडू नका. ते सुटलं तर त्या पैशाने परत तिथल्या बायकांच्या घरांवर बॉम्ब पडतील. राखणीला मालकाला बसवा."

त्याने मोबाईल खाली घेतला. "हे नाही चालणार, काकी. परत बोला."

"मला दुसरं येत नाही."

ठाकुर्लीची एक बाई त्याच्या व्हिडिओत रडली. तिचा नवरा त्याच जहाजावरून आलेला, पगाराशिवाय. तिला मी नावं ठेवत नाही.

घरी आल्यावर हे म्हणाले, "जरा रडली असतीस तर तुझं काय झिजलं असतं?"

"तुम्ही फोनवर नाही म्हणाला असता तर तुमचं काय झिजलं असतं?"



मुलाचा फोन आला तेव्हा मीच त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे एजंट आता माझ्यासाठी काही करणार नाही."

"आधी काय करत होता?"

"आशा होती गं, आई."

राखण सोडतोय असा कोर्टात अर्ज दे, एवढं मी म्हटलं. तो म्हणाला, बाबांना विचार. ह्यांनी फोन घेतला. "लिही अर्ज," म्हणाले. "माझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण लिही."

अर्ज गेला आणि उत्तर आलं. त्याच्या जागी दुसऱ्या कोणी सही केल्याशिवाय त्याला सोडता येणार नाही.

त्या दिवसापासून हे गावी फोन लावायला लागले. कोणाचा मुलगा खलाशी आहे, कोण कामाच्या शोधात आहे, याची चौकशी चालली. एका बाईचा मुलगा नुकताच शिकून बाहेर पडलेला. हे तिला सांगत होते, चांगलं जहाज आहे, काम फार नाही.

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि त्या बाईला सांगितलं, "पाठवू नकोस." मग फोन बंद केला. मी ह्यांचं ताट वाढलं.