मेलेली थाळी

शहाजी खैरे हा काही भित्रा माणूस नव्हता. कतारमध्ये, दोह्याच्या एका संग्रहालयात जुन्या मौल्यवान वस्तू पेट्यांतून काढून मांडायचं काम तो नऊ वर्षं करत होता, आणि आजवर त्याच्या हातून कशाचा टवकाही उडाला नव्हता. पण २०२२च्या ऑगस्टमधल्या त्या सकाळी पेटीत पाहिलं आणि तो हादरलाच.

वर्ल्डकपच्या पाहुण्यांसाठी मोठं प्रदर्शन ठरलं होतं. त्यासाठी ग्वाटेमालाहून माया लोकांची भांडी आली होती, बाराशे वर्षांपूर्वीची. त्यांच्या देखरेखीसाठी तिथून येणाऱ्या बाईंसमोरच पेट्या उघडायच्या, हा नियम. पण बाईंचं विमान चुकलं, आणि स्टँड बनवणाऱ्याला मापं त्याच दिवशी हवी होती. विभागप्रमुख कनीज मॅडम फोनवर म्हणाल्या, "खोल दो शहाजी, यल्ला, जल्दी, टाइम नहीं है." तोंडी हुकूम. लेखी काहीच नाही.

कोको प्यायचे उंच पेले धडधाकट निघाले. त्यांच्या काठावर मालकाचं नाव चित्रलिपीत रंगवलेलं होतं. मग निघाली थाळी. तांबूस, मधोमध एक नाचणारा पुरुष, आणि त्याच्या पोटाजवळ आरपार भोक. करंगळी जाईल एवढं.

शहाजीनं फोम चाचपला. तुकडा नाही, चुराही नाही. सोबतचे कागद स्पॅनिशमध्ये, फोटो थाळीच्या मागच्या बाजूचा आणि इतका काळा की काही कळेना.

"ढक्कन लगा दो भाई," जोडीदार हमीद हळूच म्हणाला. "ग्वाटेमालावाली मॅडम आएगी, खुद खोलेगी. हमने देखा ही नहीं."

शहाजीनं झाकण उचललंही. व्हिसा, अल वक्र्यातलं भाड्याचं घर, मुलीची, नुपूरची दहावी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. पण झाकण लावलं तर भोक बुजणार होतं थोडंच! त्यानं ते भिंतीला टेकवलं, फोटो काढले, वहीत वेळ लिहिली आणि कनीज मॅडमना फोन लावला. त्यांनी आधी फोटो मागवून घेतले. मग म्हणाल्या, "हात मत लगाना. वो तीन बजे पहुँचेगी."

तीन वाजेपर्यंत तो खुर्चीतून उठला नाही. डबाही तसाच राहिला.

बाई आल्या त्या उघड्या पेट्या पाहून भडकल्याच. "माझ्याशिवाय? कुणाच्या परवानगीनं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. तेवढ्यात कनीज मॅडम पुढे झाल्या. "मी सांगितलं होतं. त्याची चूक नाही."

शहाजीनं थाळीकडे बोट केलं. "मॅडम, हे भोक..."

बाई वाकल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हे तुमच्या हातून झालेलं नव्हे. मालक वारला तेव्हाच पाडलेलं आहे. त्याच्याबरोबर थाळीलाही मारायचे, आणि मग ती त्याच्या चेहऱ्यावर ठेवून पुरायचे. भांड्यात जीव असतो असं मानायचे ते. तो मोकळा व्हायला हवा ना."

हमीदनं सुटकेचा श्वास सोडला. शहाजीला मात्र एक मडकं आठवलं.

२०२०च्या मे महिन्यात त्याचे वडील, आबा, सिन्नरला वारले, तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद होती. चितेभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरायचं, आणि फेरीगणिक दगडानं त्याला भोक पाडायचं. ते मडकं चुलतभावानं घेतलं होतं. शहाजीनं ते मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं होतं, आणि तेही मध्येच अडकलं होतं.

"मॅडम," त्यानं विचारलं, "भोक कोण पाडायचं? मुलगा?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "माहीत नाही. तसं कुठे लिहिलेलं नाही."

"आमच्यात मुलगा पाडतो," शहाजी म्हणाला.

बाईंनी अहवालात पेट्या आधी उघडल्याचं लिहिलंच, आणि त्यावरून चौकशी बसली. पुढचा महिनाभर एचआरकडून मेल आला की तो आधी शेवटची ओळ वाचायचा. शेवटी सप्टेंबरअखेर कनीज मॅडमनी त्याला पॅसेजमध्येच गाठलं. "खलास. फाइल बंद." तो आभार मानत शुक्रन म्हणाला, आणि जिन्यात जाऊन पायरीवर बसला.