निर्मळचं नाव कोणी अडवलं?

मित्रांनो, आज लाज वाटतेय म्हणून लिहितोय.

डॉट कॉमसारखंच इंटरनेट पत्त्यांचं एक नवं शेपूट आमची कंपनी चालवते. त्यातली कोणती नावं चढ्या दरासाठी राखून ठेवायची, ती यादी मी करतो. साहेबांवर छाप पाडायला मी आपल्या वसईतल्या गावांची नावंही त्यात घातली होती.

सकाळी त्यातल्याच निर्मळ गावचे फिलिपकाका स्कूटरवरून घरी आले. गावातल्या फुलं पिकवणाऱ्यांच्या वेबसाइटला त्यांना गावाचंच नाव हवं होतं.

"बाळा, आमच्या गावाचं नाव कोणी अडवलंय रे?"

"बघतो, काका," एवढंच मी म्हणालो.

"तू आहेस म्हणून बरं," म्हणत त्यांनी ओंजळभर सोनचाफा दिला. घरभर त्याचा वास सुटलाय.

सांगा, आता कुठल्या तोंडाने त्यांना फोन करू?